ज्युनिअर वकिलाची पहिली तीन वर्षं कोणाच्या जिवावर?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लॉ सीईटीचा निकाल लागला की पेपरांच्या करिअर पुरवणीत कायद्याच्या शिक्षणावर एक पानभर लेख येतो, यंदाही आला. त्यात कॉर्पोरेट लॉ होतं, आयपीआर म्हणजे बौद्धिक संपदा होतं, सायबर होतं, आर्बिट्रेशन म्हणजे लवाद होतं, आणि जो वकील रोज काळा कोट घालून कोर्टात उभा राहतो, दावे चालवतो, साक्षीपुरावा घेतो त्याच्या वाट्याला शेवटी चार ओळी, त्यातली एक म्हणजे सुरुवातीची काही वर्षं संघर्षाची असतात. मी सातारा जिल्ह्यात तालुका कोर्टात वीसेक वर्षं प्रॅक्टिस करते, दिवाणी जास्त, फौजदारी थोडं. हा संघर्ष म्हणजे नेमकं काय, हे आईबापांना आणि पोरांना कोणीतरी नीट सांगायला पाहिजे म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, कापायचं तर कापा, पण पैशाचा भाग तेवढा ठेवा.

आधी रस्ता कसा आहे ते सांगते. बारावीनंतर पाच वर्षं किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षं लॉ करायचं. पास झाल्यावर सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा या वकिलांच्या संस्थेकडे अर्ज. सनदेची फी ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम २४ प्रमाणे ७५० रुपये आणि एससी एसटी उमेदवारांना १२५ रुपये, पण देशभरातल्या बार कौन्सिल वेगवेगळ्या नावांखाली कुठे पंधरा हजार तर कुठे चाळीस हजारांच्याही वर घेत होत्या. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्यात आहे तेवढीच फी घ्या, आणि गरिबाघरच्या पोरांचा एक मोठा अडसर गेला, त्याबद्दल कोर्टाचे आभार मानावे तेवढे थोडे. सनद मिळाली तरी ती आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरती असते, मग ऑल इंडिया बार एक्झाम द्यायची, जी २०११ पासून सुरू झाली. १०० प्रश्न, पर्याय दिलेले, सोबत बेअर ॲक्ट म्हणजे कायद्याची नुसती मूळ पुस्तकं नेता येतात, ओपनवाल्यांना ४५ टक्के लागतात. ती पास झाली की झालात तुम्ही वकील, जिल्हा कोर्टात उभं राहा नाहीतर हायकोर्टात, कायद्याप्रमाणे तुम्हाला कोणी अडवू शकत नाही.

आणि अशा वकिलाला दुसऱ्या दिवशी आमच्या कोर्टात एक साधा मुदतीचा अर्ज लिहायला सांगा, पेन तिथंच थांबतं. यात पोराचा काही दोष नाही. ड्राफ्टिंगचा पेपर त्यानं दिलेला असतो, मूट कोर्ट म्हणजे सरावाचा खटला केलेला असतो, इंटर्नशिपचे दिवस पण भरलेले असतात (नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे), डायरी लिहिलेली असते, कॉलेजनं त्यावर सही केलेली असते. पण इंटर्नशिपला पोरगं आलं की ते मागच्या बाकावर बसतं, कोण कुणाच्या बाजूनं बोलतंय हेच कळायला आठवडा जातो आणि तोवर परीक्षा येते. बऱ्याच कॉलेजात लॉ शिकवतात इंग्रजीतून आणि तालुका कोर्टात कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) मराठीत, साक्ष मराठीत, रोजनामा (कोर्टाची रोजची नोंद) मराठीत. सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना कसा वाचायचा, फेरफार कुठल्या नोंदीवरून आला, वाटपाच्या दाव्यात लग्न होऊन गेलेल्या आत्याला पक्षकार का करायचं, बेलीफानं समन्स दारावर चिकटवलं तर ती बजावणी धरायची की नाही, हे सगळं शिकायचं ते कोर्टात. नाझर, शिरस्तेदार, पट्टेवाला या कोर्टातल्या कर्मचाऱ्यांकडून पण शिकायचं, आणि ज्याला हे शिकायची लाज वाटते तो वकील होत नाही असं माझं मत आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाला हे माहीत नव्हतं असं नाही. १९९५ मधे त्यांनी सनदेआधी एक वर्षाचं ट्रेनिंग सक्तीचं केलं होतं, ते १९९९ मधे सुप्रीम कोर्टानं रद्द केलं कारण कायद्यातून तशी तरतूद आधीच काढलेली होती. त्यानंतर आली ती परीक्षा, आणि परीक्षेनं बेअर ॲक्टमधलं कलम पटकन शोधता येतं एवढंच कळतं.

आता मुख्य मुद्दा. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसायचं असेल तर आधी किमान तीन वर्षं वकिली केलेली पाहिजे. ही अट पूर्वी होती, २००२ मधे काढली होती, ती परत आणली. तीन वर्षं प्रोव्हिजनल सनदेच्या तारखेपासून मोजायची, आणि दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाचा दाखला लागणार, त्यावर तिथल्या मुख्य न्यायिक अधिकाऱ्याचं शिक्कामोर्तब. मला हा निर्णय मनापासून पटलाय. चोवीस पंचवीस वर्षांचं हुशार पोर क्लास लावून परीक्षा पास होतं, न्यायासनावर बसतं, आणि समोर साठीतला शेतकरी उभा असतो ज्याची दोन पिढ्यांची जमीन त्या एका निकालावर आहे, तेव्हा त्या न्यायाधीशानं कधीतरी पक्षकाराशेजारी बसून त्याचं रडगाणं ऐकलेलं असावं, ही अपेक्षा काही जास्त नाही.

पण या निकालाचा दुसरा अर्थ काय होतो ते बघा. आजपर्यंत ज्युनिअरशिप, म्हणजे सीनिअर वकिलाच्या हाताखाली राहून शिकणं, ही ज्याची त्याची खासगी गोष्ट होती, जमलं तर करा नाहीतर सोडा. आता ती तीन वर्षं शिक्षणाचाच भाग झाली, न्यायाधीश व्हायचं तर त्यातून जावंच लागणार. मग त्या तीन वर्षांत त्या पोरानं जेवायचं कुठं, राहायचं कुठं, घरी काय पाठवायचं, हे कोणीच ठरवलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यांनी अट घातली, ज्यांना तिचा फायदा होणार आहे, म्हणजे सरकार, बार कौन्सिल आणि आम्ही सीनिअर, त्यांनी या तीन वर्षांचा खर्च उचलला पाहिजे. नाहीतर तीन वर्षं तोच काढेल ज्याच्या घरी वडिलांचं ऑफिस आहे, पुण्यात फ्लॅट आहे किंवा बागायती आहे, आणि उद्या न्यायासनावर पण तेच बसतील.

ही तीन वर्षं मी इतकी महत्त्वाची का मानते त्याचं एक उदाहरण देते. आमच्याकडे रानातल्या वाटेचे दावे भरपूर. वादी म्हणतो माझ्या रानात जायला शेजाऱ्याच्या रानातूनच वाट आहे, दुसरी वाटच नाही, बापजाद्यापासूनची वहिवाट आहे आणि त्यानं ती नांगरून टाकली. दावा दाखल होतो, निशाणी ५ ला तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, मग कैफियत, मुद्दे, आणि दोन तीन वर्षांनी वादीची साक्ष. सरतपासाचं, म्हणजे वादीच्या स्वतःच्या जबानीचं, शपथपत्र आलं की प्रतिवादीच्या वकिलानं उलटतपास घ्यायचा. नवीन वकील उभा राहतो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, तुम्ही खोटं सांगताय की तुम्हाला दुसरी वाट नाही? वादी म्हणतो, खोटं नाही. संपलं, उलट त्याचीच बाजू परत एकदा रेकॉर्डवर आली. माझे सीनिअर अशा साक्षीदाराला वाटेबद्दल काही विचारायचेच नाहीत. ते विचारायचे ऊस कुठल्या कारखान्याला घालता, मागच्या हंगामात तोड कधी आली, टोळी कुठली होती, ट्रॉली फडात आली होती की मोळ्या डोक्यावर वाहाव्या लागल्या. साक्षीदार मोकळेपणानं सांगायचा, नाही नाही, डोक्यावर कशाला, ट्रॉली ओढ्याच्या कडंनं पार फडापर्यंत आली. एवढं झालं की सीनिअर शांतपणे पुढच्या विषयाला जायचे, घराच्या मिळकतीबद्दल वगैरे दोन प्रश्न आणि खाली बसायचे. ओढ्याच्या कडेची दुसरी वाट वादीच्याच तोंडून आलेली असायची आणि युक्तिवादाला तेवढं एक वाक्य पुरायचं.

यात शिकण्यासारखं किती आहे बघा. एक तर त्यांनी आदल्या रात्री सातबाऱ्याची पीकपाहणी वाचलेली असायची, त्या वर्षी ऊस होता हे त्यांना माहीत असायचं म्हणून तो प्रश्न सुचायचा. दुसरं, त्यांना ऊसतोड कशी चालते हे माहीत असायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे थांबायचं कुठं ते कळणं, कारण ट्रॉलीच्या उत्तरानंतर अजून एक प्रश्न विचारला की साक्षीदार सावध होतो आणि म्हणतो ती वाट पावसाळ्यात बंद असते. हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही, बोर्डावरच्या केसेस संपेपर्यंत कोर्टात बसून, रोज, वर्षानुवर्षं बघून येतं. आता १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे आले, खुनाचं ३०२ जाऊन भारतीय न्याय संहितेत १०३ झालं, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा, म्हणजे आजच्या ज्युनिअरला दोन्ही डोक्यात ठेवायला लागतात. आमच्यापेक्षा त्यांना जास्त शिकायचंय आणि वेळ मात्र कमी, कारण घरच्यांचा धीर वर्ष दीड वर्षात सुटतो.

घरच्यांचा धीर का सुटतो, तर पैसा. आमच्या भागात तालुका कोर्टात ज्युनिअरला महिन्याला दोन तीन हजार मिळाले तरी बरं म्हणतात, बऱ्याच जणांना पेट्रोलपुरते मिळतात, आणि काही ठिकाणी तर सीनिअर म्हणतात मी शिकवतोय हेच तुझं मानधन. जिल्ह्याच्या ठिकाणी थोडं जास्त, पण तिथं खोलीभाडं आणि मेस पण जास्त. याच पोरानं न्यायाधीशाची परीक्षा काढली तर मूळ पगार ७७,८४० पासून सुरू होतो, आणि तिथं पोचायला जी तीन वर्षं लागतात ती अशी काढायची. बरं, दुसरी नोकरी करून वकिली शिकावी म्हटलं तर बार कौन्सिलच्या नियमानं वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही, करायची तर सनद स्थगित करायला लागते. जाहिरात करून कामं मिळवावीत म्हटलं तर जाहिरातीलाही बंदी. हे दोन्ही नियम मला योग्यच वाटतात, वकिली हा धंदा होऊ नये म्हणून ते केलेत. पण एका बाजूनं नोकरी बंद, दुसऱ्या बाजूनं जाहिरात बंद, आणि सीनिअरनं किती द्यायचं याला काहीच बंधन नाही, मग त्या पोरानं करायचं काय?

माण तालुक्यातला एक मुलगा आमच्या बारमधे होता, नाव नको. घरी चार शेळ्या आणि कोरडवाहू रान. पोराचं ड्राफ्टिंग इतकं स्वच्छ की आमच्यातले जुने वकील पण त्याच्याकडून दावा तपासून घ्यायचे. दरखास्तीची कामं कोणाला आवडत नाहीत, कोर्टाचा हुकूमनामा म्हणजे निकाल झाल्यावर प्रत्यक्ष ताबा मिळवणं हे फार किचकट काम असतं, तो ते आनंदानं करायचा. बार रूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर दुपारी डबा खाताना कलमं पाठ करत बसलेला दिसायचा. वडिलांच्या ऑपरेशनचा खर्च निघाला आणि त्यानं सनद स्थगित करून एका फायनान्स कंपनीच्या वसुली विभागात नोकरी धरली. आज तो पगार घेतो, घर चालवतो, त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्यासारखा माणूस दहा वर्षांनी आमच्या कोर्टात न्यायाधीश म्हणून बसला असता तर किती गरिबांचं भलं झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

ही आजची गोष्ट आहे असंही नाही. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन आले आणि १९२३ मधे मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे सनद काढायला पैसे नव्हते, मित्र नवल भथेना मदतीला धावले. पुढं वकिलीच्या जोडीला त्यांना बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या इन्स्टिट्यूटमधे व्यापारी कायदा शिकवायला लागला, कारण नुसत्या वकिलीवर घर चालत नव्हतं. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या एवढ्या मोठ्या विद्वानाची ही गत होती, त्यात जातीमुळं सॉलिसिटर कामं देत नव्हते ते वेगळंच. शंभर वर्षं झाली, आणि आजही पहिल्या पिढीचा वकील पैशाअभावी तिथंच अडकतो.

मुलींचं अजून वेगळं आहे. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ मधे आपल्या नाशिकला जन्मल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या, पण बायकांना वकिली करायची कायद्यानं मुभा मिळाली ती १९२३ मधे, तोवर त्या पन्नाशी पार करून गेल्या होत्या. आता कायद्याचा अडथळा नाही, लॉ कॉलेजात तर मुलीच जास्त दिसतात मला. पण सनद घेतल्यावर तीन वर्षांनी कोर्टात किती उरतात ते आमच्या बार रूममधे येऊन बघा. गावाला जायची शेवटची एसटी सहाची, आणि सीनिअरचं ऑफिस सुरू होतं सहाला, पक्षकार संध्याकाळीच येतात. मुलगी मग ऑफिसला थांबत नाही, म्हणून तिला केस समजत नाही, म्हणून सीनिअर तिला नुसत्या तारखा घ्यायला पाठवतो, आणि दोन वर्षं तारखा घेऊन झाल्यावर घरचे म्हणतात कमवत तर काहीच नाहीस, स्थळ आलंय. महिन्याला दहा बारा हजार हातात आले असते तर तिनं तालुक्याला खोली केली असती, एवढी साधी गोष्ट आहे ही.

सीनिअर लोक वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांची पण बाजू आहे. तालुक्याच्या वकिलाला पक्षकार फी देतो ती हप्त्यानं, सुगी झाल्यावर, कधी कधी निकाल लागल्यावर. ऑफिसचं भाडं, टायपिस्ट, लाइट बिल, ई-फायलिंगचं स्कॅनर हे सगळं त्यातूनच. दोन ज्युनिअर ठेवून प्रत्येकी पंधरा हजार द्यायचे म्हटलं तर खरंच बऱ्याच जणांना झेपणार नाही. मी माझ्याकडच्या मुलीला दर महिन्याला दहा हजार देते, ते कमी आहेत हे मला माहीत आहे, पण ठरल्या तारखेला तिच्या खात्यात जातात आणि तिला मागायला लागत नाहीत. मागायला लागणं हे सगळ्यात वाईट, त्यानं माणूस मोडतो. पण ज्यांना झेपतं, ज्यांच्या दारात दोन गाड्या आहेत, असे पण लोक देत नाहीत, आम्हाला कोणी दिले होते का असं विचारतात. कोणी दिले नव्हते म्हणूनच तर आमच्या बरोबरीचे निम्मे लोक वकिली सोडून गेले.

बार कौन्सिल ऑफ इंडियानं १५ ऑक्टोबर २०२४ ला परिपत्रक काढलं की शहरात ज्युनिअरला महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत, पहिली तीन वर्षं. त्याआधी जून २०२४ मधे मद्रास हायकोर्टानं तामिळनाडू आणि पाँडिचेरीसाठी साधारण एवढेच आकडे सांगितले होते. परिपत्रक चांगलं आहे, पण ते शिफारस म्हणून आहे, सक्ती नाही, आणि आमच्या बारच्या नोटीस बोर्डावर ते लागलेलं मी तरी पाहिलं नाही. इंग्लंडमधे बॅरिस्टरकडे पुपिलेज म्हणजे उमेदवारी करणाऱ्याला ठरलेली किमान रक्कम द्यावीच लागते, नाहीतर त्या चेंबरला, म्हणजे बॅरिस्टरांच्या ऑफिसला, शिकाऊ ठेवता येत नाही. आपण त्यांचा कोट आणि बँड घेतला, ही पद्धत पण घ्यायला हरकत नव्हती.

सरकारनं पैसे द्यावेत म्हटलं की लगेच विचारतात पैसे आणायचे कुठून. आंध्र प्रदेशानं २०१९ मधे नव्या वकिलांना तीन वर्षं दरमहा ५,००० रुपयांची योजना सुरू केली होती, केरळनं पण कमी उत्पन्नाच्या तरुण वकिलांसाठी मानधनाचे नियम केले. त्या राज्यांची अर्थव्यवस्था आपल्यापेक्षा मोठी नाही. आणि आपल्याकडेच एक नमुना डोळ्यासमोर आहे, तो म्हणजे लोक अभिरक्षक कार्यालय. ज्या आरोपीला वकील परवडत नाही त्याच्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत जिल्ह्याच्या ठिकाणी ही कार्यालयं झाली, तिथं मुख्य, उप आणि सहायक असे वकील नेमतात, त्यांना दरमहा ठरलेलं मानधन असतं आणि सहायकाच्या जागेला शून्य ते तीन वर्षं प्रॅक्टिस चालते. म्हणजे नवीन वकिलाला सरकारी पैशातून दरमहा मानधन देऊन फौजदारी कोर्टात उभं करायची सोय आहे, ती चालते पण, मी त्यातली पोरं बघितलीत, वर्षभरात जामीन अर्जावर आत्मविश्वासानं बोलायला लागतात. या जागा मोजक्या आहेत, जिल्ह्याला बोटावर मोजण्याइतक्या. त्या तालुका पातळीपर्यंत वाढवा, दिवाणी कामाला पण तसंच काही करा, गरिबाला वकील मिळेल आणि ज्युनिअरला पगार मिळेल.

दुसरी सूचना माझी स्वतःची आहे, बरोबर वाटली तर यावर चर्चा व्हावी. न्यायाधीश परीक्षेसाठी तीन वर्षांचा दाखला आता दहा वर्षं झालेला वकील देणार. त्या दाखल्याच्या नमुन्यात एक रकाना वाढवा, या ज्युनिअरला तीन वर्षांत दरमहा किती रक्कम बँकेतून दिली. नुसता रकाना, दंड नाही, शिक्षा नाही. पण तो भरून मुख्य न्यायिक अधिकाऱ्यासमोर सही करायची म्हटलं की बऱ्याच सीनिअर लोकांचा हात आपोआप सैल होईल असं मला वाटतं. दुसरा फायदा असा की खोटे दाखले कमी होतील. कारण ती भीती खरी आहे, पोरगं पुण्यात क्लास करणार आणि गावातल्या ओळखीच्या वकिलाकडून दाखला आणणार. बँकेची नोंद आणि रोजनाम्यातली हजेरी दोन्ही बघितली तर असं करणं सोपं राहणार नाही.

आमच्या सहा जिल्ह्यांसाठी एक चांगली गोष्ट झाली ती सांगायलाच पाहिजे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्यासाठी. वकिलांनी आणि लोकांनी कितीतरी वर्षं आंदोलनं केली त्याचं फळ आहे ते. पूर्वी साताऱ्याच्या पोराला हायकोर्टात काम शिकायचं तर मुंबईत राहणं आलं, आणि मुंबईत राहायचं तर कोणाकडे तरी राहणं आलं. आता तो सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला जाऊन अपिलाचं काम बघून रात्री घरी येऊ शकतो. पक्षकाराची सोय झाली हे तर सगळ्यांनी लिहिलं, पण या भागातल्या गरीब घरच्या ज्युनिअरला हायकोर्टाचं दार पहिल्यांदाच उघडलं हे फारसं कोणी लिहिलं नाही. तिथल्या सीनिअर मंडळींनी आत्ताच, सगळं नवीन आहे तोवर, ज्युनिअरला बिनपगारी राबवायचं नाही असा पायंडा पाडला तर बाकी जिल्हे पण बघून शिकतील. एकदा वाईट सवय लागली की मग मोडणं अवघड.

ज्या आईबापांना पोराला किंवा पोरीला लॉ ला घालायचंय त्यांना मी नको म्हणत नाही, उलट घाला म्हणते. वकिलीसारखं काम नाही, ज्या दिवशी मनाई हुकूम मिळतो आणि म्हातारी बाई कोर्टाच्या आवारात तुमचा हात धरून नुसती उभी राहते, त्या दिवशी सगळे कष्ट विसरायला होतात. पण हिशोब पाच वर्षांचा किंवा तीन वर्षांचा करू नका, त्यात पुढची तीन वर्षं मिळवा. महागड्या कॉलेजची लाखांची फी कर्ज काढून भरली तर ते पोर कोर्टात येणारच नाही, हप्ता फेडायला कंपनीतच जाईल, ते त्याच्या मनात असेल तर ठीक. कोर्टात जायचं असेल तर घराजवळचं, कोर्टाजवळचं साधं कॉलेज निवडा, दुसऱ्या वर्षापासून सुट्टीत कोर्टात बसायला लावा, आणि सीनिअर निवडताना त्याचं नाव किती मोठं आहे ते बघू नका, त्याच्याकडचे आधीचे ज्युनिअर आज कुठे आहेत ते विचारा. ते स्वतः केस चालवत असतील तर तिथं पाठवा. आणि पैशाचं पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बार कौन्सिलच्या आणि बार असोसिएशनच्या निवडणुका येतात तेव्हा उमेदवार आमच्या टेबलापर्यंत येतात, हात जोडतात. माझी राज्यातल्या सगळ्या ज्युनिअर वकिलांना विनंती आहे की त्यांना एकच प्रश्न विचारा, १५ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे तुम्ही तुमच्या ऑफिसमधे मानधन देता का, आणि देत असाल तर किती. आणि संपादक साहेब, आपल्याला विनंती की पुढच्या करिअर पुरवणीत लॉ चा लेख येईल तेव्हा त्यात सनदेची फी किती, बार एक्झामचं काय, जिल्हावार ज्युनिअरला साधारण किती मिळतात आणि लोक अभिरक्षक कार्यालयाच्या जागा कधी निघतात याची एक चौकट छापा. माहिती गोळा करायला आमच्या जिल्ह्यापुरती मी मदत करीन.

आपली,
एक वकील भगिनी,
जि. सातारा